हेरेम : यहोशवाच्या विजयकथेचा अर्थनिर्णय

१

धर्मग्रंथांतील काही भाग असे असतात, की ते अश्रद्ध वाचकापेक्षा श्रद्धावंतालाच अधिक अडचणीत टाकतात. अश्रद्ध वाचक ते वाचतो, आपल्या मताला आणखी एक पुरावा मिळाला असे मानतो आणि पुस्तक मिटतो. श्रद्धावंताला ते मिटता येत नाही. ज्या ग्रंथाने त्याला दया शिकवली, त्याच ग्रंथात निर्दयतेची आज्ञा ईश्वराच्या मुखी घातलेली त्याला दिसते. आणि दोन्ही आज्ञा एकाच अधिकाराने आलेल्या असल्यामुळे एक स्वीकारून दुसरी टाकण्याची सोय त्याला उरत नाही. बायबलच्या जुन्या करारातील यहोशवाचा ग्रंथ हा अशा भागांपैकी सर्वांत ठळक होय.

ग्रंथाची रूपरेषा थोडक्यात अशी. मोशेच्या मृत्यूनंतर इस्राएलाचे नेतृत्व यहोशवाकडे येते. लोक यार्देन नदी ओलांडून कनान देशात उतरतात. सात दिवसांच्या प्रदक्षिणांनंतर यरीहोचा तट कोसळतो आणि नगरातील स्त्रीपुरुष, बालवृद्ध, गुरेमेंढरे यांची कत्तल होते. हेरांना आसरा देणारी राहाब नावाची वेश्या आणि तिचे कुटुंब एवढेच वाचते. पुढे आय, दक्षिणेकडील नगरे आणि उत्तरेकडील हासोर यांची तीच गत होते. बाराव्या अध्यायात पराभूत राजांची यादी येते आणि तिची बेरीज ३१ भरते. १३ ते २१ या अध्यायांत भूमीची वाटणी होते. २४ व्या, म्हणजे अखेरच्या, अध्यायात शखेम येथे कराराचे नूतनीकरण होऊन यहोशवाच्या मृत्यूने ग्रंथ संपतो. या सर्व संहारामागे ‘अनुवाद’ नामक पाचव्या ग्रंथाच्या ७ व्या आणि २० व्या अध्यायांतील आज्ञा उभी आहे. या राष्ट्रांच्या नगरांत श्वास घेणारे काहीही शिल्लक ठेवू नये, असा तिचा आशय आहे.

या कथेचे करावयाचे काय, हा प्रश्न इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून धर्मचिंतकांपुढे आहे. त्यांनी दिलेल्या प्रमुख उत्तरांची परीक्षा करणे हा या लेखाचा हेतू आहे. परीक्षेच्या कसोट्या दोनच. दिलेले उत्तर संहितेला धरून आहे काय, ही पहिली; आणि त्या उत्तरात मारल्या गेलेल्यांना कोठे जागा उरते काय, ही दुसरी. पहिली कसोटी वाङ्मयीन आहे, दुसरी नैतिक. धर्मग्रंथाच्या बाबतीत या दोन कसोट्या एकमेकींपासून फार काळ वेगळ्या ठेवता येत नाहीत, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

प्रश्नाचे मूळ एका शब्दात आहे. नगरांच्या संहारासाठी मूळ हिब्रू संहितेत ‘हेरेम’ हे नाम आणि त्यापासून झालेले क्रियापद वारंवार येते. या धातूचा सगोत्र अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत केव्हाच येऊन बसला आहे, तो म्हणजे ‘हराम’. परंतु मराठीत येईपर्यंत त्या शब्दाची एक बाजू झिजून गेली. आपण ‘हराम’ म्हणतो तेव्हा केवळ निषिद्ध व निंद्य एवढेच आपल्या मनात असते. सेमिटिक भाषांत त्याच शब्दाला दुसरी बाजू आहे. जे पवित्र म्हणून राखून ठेवलेले, सामान्य व्यवहारातून काढून घेतलेले, म्हणून मनुष्याने स्पर्श करू नये असे, तेही त्याच धातूने व्यक्त होते. मक्केच्या पवित्र क्षेत्राला ‘हरम’ म्हणतात ते याच अर्थाने. हेरेम म्हणजे देवाच्या मालकीचे करून टाकलेले. लूट सैनिकाने घ्यावयाची नाही, बंदी गुलाम म्हणून ठेवावयाचे नाहीत. सोने, रुपे, तांबे, लोखंड देवाच्या भांडारात जाईल आणि जे सजीव आहे ते मृत्यूच्या द्वारे देवाकडे जाईल.

भाषांतरकारापुढे येथे दोन वाटा फुटतात. ‘समर्पण’ म्हणावे, की ‘समूळ नाश’ म्हणावे? पहिला शब्द घेतला तर संहार हा यज्ञ ठरतो आणि हे बळी देवाने का मागितले, हा प्रश्न देवाकडे वळतो. दुसरा घेतला तर यज्ञाची कल्पना पुसली जाते आणि उरते ती केवळ एक लष्करी कृती. तिसरी वाट इतिहासाने काढली. हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात यरीहोच्या प्रसंगी हेरेमसाठी ‘अनाथेमा’ हा शब्द आला. त्याचा मूळ अर्थ देवळात अर्पण करून ठेवलेली वस्तू असा होता. पुढे ख्रिस्ती परंपरेत त्याचा अर्थ ‘शापित, बहिष्कृत’ असा रूढ झाला. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात यरीहो नगर ‘शापित’ झाले आहे. हा बदल किरकोळ नव्हे. ‘समर्पित’ या शब्दात मरणाराच्या दोषाचा काहीही उल्लेख नसतो. ‘शापित’ या शब्दात तो गृहीत धरलेला असतो. एका शब्दाच्या भाषांतराने अपराधाचे ओझे घेणाऱ्यावरून जाणाऱ्यावर सरकवले. अमेरिकन विदुषी सूझन निडिच यांनी १९९३ मध्ये हिब्रू बायबलातील युद्धकल्पनांवर लिहिलेल्या ग्रंथात ‘देवाचा वाटा म्हणून हेरेम’ आणि ‘देवाचा न्याय म्हणून हेरेम’ असे दोन स्तर वेगळे केले आहेत. संहितेतही हे दोन्ही स्तर आहेत आणि दुसरा पहिल्याची लाज झाकण्यासाठी आला असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

ही कल्पना एकट्या इस्राएलाची नव्हती. मृत समुद्राच्या पूर्वेस धिबान येथे १८६८ मध्ये एक कोरीव शिला उजेडात आली. ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात मवाबाचा राजा मेशा याने ती कोरविली. नबो हे गाव आपण इस्राएलाकडून घेतले, तेथील सात हजार स्त्रीपुरुष मारले आणि त्यांना अश्तार-कमोश या देवतेला अर्पण केले, असे तो अभिमानाने सांगतो. आणि तेथे त्याने योजलेले क्रियापद नेमके हेरेमच्याच धातूचे आहे. म्हणजे ज्या समाजाच्या शास्त्रात हेरेमची आज्ञा आहे, तो समाज स्वतःही शेजाऱ्याच्या हेरेमचा बळी होता. या शिलालेखामुळे आज्ञेचे समर्थन होत नाही. पण आज्ञा कोणत्या जगाच्या भाषेत उच्चारली गेली हे मात्र कळते.

३

आता उत्तरांकडे वळू. पहिले उत्तर न्यायाचे. कनानी लोक पापी होते, त्यांच्या पापाचा घडा भरला आणि इस्राएल हे ईश्वरी दंडाचे केवळ साधन झाले. या मताला संहितेत आधार आहे. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात अमोरी लोकांचा अधर्म अद्याप पूर्ण झालेला नाही, म्हणून अब्राहामाच्या वंशजांना चार पिढ्या थांबावे लागेल असे म्हटले आहे. अनुवादाच्या ९ व्या अध्यायात तर इस्राएलाला बजावले आहे, की ही भूमी तुम्हांला तुमच्या पुण्याईने मिळत नसून त्या राष्ट्रांच्या दुष्टपणामुळे मिळत आहे. लेवीयात पुढची पायरी येते: हीच पापे तुम्ही केलीत, तर भूमी तुम्हांलाही ओकून टाकील. न्यायाचे हे तत्त्व दोन्ही पक्षांना सारखे लागू होते, हे या मताचे खरे बळ आहे.

तथापि ते एका ठिकाणी अडते, आणि ते ठिकाण म्हणजे यरीहोतील लहान मूल. कोणत्या घड्यात त्याचे पाप भरले होते? जॉन कॅल्व्हिन याला ही अडचण दिसली होती. १५६४ साली, आपल्या आयुष्याच्या अखेरीस, लिहून झालेल्या यहोशवाच्या भाष्यात तो मान्य करतो, की वय वा लिंग न पाहता झालेली ही कत्तल अमानुष वाटली असती, जर ती ईश्वराच्या आज्ञेने झाली नसती तर. या वाक्याचे प्रामाणिकपण मोठे आहे. परंतु त्यात न्यायाचे उत्तर संपून आज्ञेचे उत्तर सुरू होते. कृत्य चांगले म्हणून ईश्वराने सांगितले असे येथे उरत नाही. ईश्वराने सांगितले म्हणून ते चांगले, असे होते. मग अशी आज्ञा मला झाली आहे असे सांगत उद्या जो कोणी येईल, त्याला कोणत्या तत्त्वाने थांबवायचे? कॅल्व्हिनच्या वाक्यात त्याला थांबविणारे काही नाही.

दुसरे उत्तर रूपकाचे. दुसऱ्या शतकात मार्शियन याने हिब्रू शास्त्राचा देव आणि येशूचा पिता हे दोन वेगळे देव आहेत असे म्हणून जुना करारच नाकारला. चर्चने मार्शियनला नाकारले. पण त्याने उभा केलेला प्रश्न चर्चला नाकारता आला नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेनने त्याला उत्तर दिले. यहोशवावरील त्याची प्रवचने रुफिनसच्या लॅटिन भाषांतरातून आपल्यापर्यंत आली आहेत. यहोशवा आणि येशू ही ग्रीकमध्ये एकच नावे. त्या नामसाम्यावर ओरिगेनने सारी इमारत उभारली. कनान म्हणजे आत्म्याची भूमी, तेथील राजे म्हणजे आपल्यातील विकार, आणि यहोशवा म्हणजे त्यांचा उच्छेद करणारा ख्रिस्त. ही युद्धे आत्मिक युद्धांची प्रतीके नसती, तर शांतीचा उपदेश करणाऱ्या ख्रिस्ताच्या प्रेषितांनी हे ग्रंथ मंडळ्यांत वाचावयास दिलेच नसते, असा त्याचा युक्तिवाद आहे.

भारतीय वाचकाला ही पद्धत अपरिचित नाही. गांधीजींनी ‘अनासक्तियोगा’त कुरुक्षेत्राचे युद्ध हे मनुष्याच्या हृदयात चालणारे द्वंद्व मानले, ते याच जातीचे. या पद्धतीचे पुण्य असे, की तिने शतकानुशतके असंख्य वाचकांना शस्त्रापासून दूर ठेवले. तिचा दोष असा, की ज्यांना तिने विकार बनवले ती माणसे होती. रूपकात कनानी मनुष्य दुसऱ्यांदा मरतो. पहिल्या वेळी निदान त्याला देह होता. शिवाय रूपक हे संहितेच्या बाहेरून आणलेले आहे. सीमा, गावे, विहिरी आणि वाटण्या यांची नऊ अध्याय नोंद ठेवणारा ग्रंथ केवळ आत्म्याच्या भूमीविषयी बोलत आहे, हे पटणे कठीण आहे.

तिसरे उत्तर यहुदी आचार्यांचे, आणि माझ्या मते ते सर्वांत कमी गाजलेले परंतु सर्वांत व्यवहारी आहे. त्यांनी आज्ञा नाकारली नाही; तिच्याभोवती इतकी कुंपणे घातली, की ती पाळणे अशक्य व्हावे. यरुशलेमी तल्मुदात अशी कथा येते, की यहोशवाने देशात शिरण्यापूर्वी तीन पत्रे पाठविली: ज्यांना जावयाचे असेल त्यांनी जावे, ज्यांना तह करावयाचा असेल त्यांनी तह करावा, ज्यांना लढावयाचे असेल त्यांनी लढावे. मिश्नात दुसऱ्या एका राष्ट्राच्या संदर्भात म्हटले आहे, की अश्शूरच्या सन्हेरीबाने सर्व राष्ट्रे मिसळून टाकली. आता कोण कोणाचा वंशज हे सांगता येत नाही. बाराव्या शतकात मैमोनिदिसने आपल्या धर्मसंहितेत सात राष्ट्रांनाही आधी शांततेचा प्रस्ताव दिलाच पाहिजे असा नियम घातला आणि त्या राष्ट्रांची आठवणदेखील आता बुजली आहे, असे नमूद केले. मूळ संहितेत ही तीन पत्रे नाहीत. आचार्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. आज्ञेला अपवाद करण्याचे धैर्य नसलेल्या, पण आज्ञा अमलात आणण्याची इच्छाही नसलेल्या सद्सद्विवेकाची ती निर्मिती आहे. तथापि येथेही जे मेले त्यांच्याविषयी मौन आहे. पत्रांची कथा त्यांना निवड देते आणि निवड देऊन त्यांच्या मरणाची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवते.

४

विसाव्या शतकाने चौथे उत्तर दिले: हे घडलेच नाही. यरीहोच्या टेकडीवर १९३० ते १९३६ या काळात जॉन गार्स्टँग यांनी उत्खनन केले, तेव्हा यहोशवाच्या काळातील तट सापडला असे जाहीर झाले. १९५२ ते १९५८ मध्ये कॅथलीन केनियन यांनी अधिक काटेकोर पद्धतीने तेथे पुन्हा खणले आणि ते तट कितीतरी जुने ठरले. नगराचा मोठा विध्वंस त्यांनी इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास ठेवला. कनानविजयाचा काळ सामान्यतः तेराव्या शतकात धरतात. त्या काळी तेथे तटबंदीचे नगर नव्हते. आय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी १९३३ ते १९३५ मध्ये ज्युडिथ मार्के-क्राउझ यांना आढळले, की ते स्थळ त्या काळापूर्वी हजारांहून अधिक वर्षे ओसाड होते. ‘आय’ या नावाचा अर्थच मुळी उजाड ढिगारा असा लावतात. उलट हासोर येथे यिगाएल यादीन यांनी १९५५ पासून केलेल्या उत्खननात तेराव्या शतकातील भीषण अग्निकांडाचे थर मिळाले. ते कोणी घडवले यावर अद्याप मतभेद आहेत. डोंगराळ प्रदेशातील वस्त्यांच्या पाहणीवरून इस्राएल फिंकेलस्टाइन यांनी १९८८ मध्ये आणि इतरांनी असे दाखवले, की आरंभीचा इस्राएल समाज बहुतांशी कनानच्याच भूमीतून हळूहळू घडला.

याला वाङ्मयीन अभ्यासाची जोड मिळाली. १९४३ मध्ये मार्टिन नोट यांनी अनुवादापासून राजांच्या इतिहासापर्यंतचे ग्रंथ ही एका दृष्टीने रचलेली एकसंध इतिहासकृती असल्याचे मांडले. तिचे एक संस्करण राजा योशीयाच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी ६२२ च्या धर्मसुधारणेच्या आसपास, झाले असावे आणि अंतिम रूप बाबेलच्या बंदिवासात मिळाले असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. १९९० मध्ये के. लॉसन यंगर यांनी हित्ती, अश्शूरी आणि मिसरी विजयलेखांशी यहोशवाची तुलना करून दाखवले, की ‘एकही उरला नाही’ ही त्या काळच्या विजयलेखनाची ठरीव बोली आहे. तिचे उत्तम उदाहरण इस्राएलाच्याच वाट्याला आलेले आहे. मिसरचा राजा मर्नेप्ताह याच्या इसवी सनापूर्वी १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात इस्राएलाचा बायबलबाहेरचा पहिला निश्चित उल्लेख मिळतो, आणि तो इस्राएल निर्बीज झाल्याचा आहे. मेशाही इस्राएल कायमचा नष्ट झाला असे सांगतो. ज्या समाजाच्या अस्तित्वाचे पहिले पुरावे त्याच्या समूळ नाशाची ग्वाही देतात, त्याच्याच ग्रंथातील समूळ नाशाच्या ग्वाह्या शब्दशः घेण्याचे कारण नाही, हे खरे.

आपल्याकडील मीमांसकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा भाग अर्थवाद आहे, विधी नव्हे. अन्य प्रमाणांशी विरोध येतो तेथे वाक्य गौण अर्थाने घ्यावे, यास ते गुणवाद म्हणतात. ‘कोणी उरले नाही’ हा गुणवाद होय. आधुनिक समर्थक येथेच थांबतात आणि सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु मीमांसकांचेच पुढचे सूत्र त्यांनी लक्षात घेतलेले नसते. अर्थवाद स्वतंत्र नसतो. तो विधीचे अंग असतो आणि विहित कर्माची स्तुती करून कर्त्याला त्याकडे प्रवृत्त करणे हे त्याचे कार्य. यहोशवाची कथा अर्थवाद असेल, तर ती कोणत्या विधीची स्तुती करते? अनुवादाच्या सातव्या अध्यायातील विधीची. तेव्हा कत्तल घडली नाही असे सिद्ध झाल्याने प्रश्न सुटत नाही. उलट, न घडलेली कत्तल कोणाला तरी घडावीशी वाटली आणि आदर्श म्हणून लिहून ठेवावीशी वाटली, असा नवा प्रश्न उभा राहतो. इतिहासाच्या दृष्टीने यरीहोचे मूल वाचले. कल्पनेत त्याला मारणारे हात मात्र तसेच राहिले.

५

मग संहितेपाशीच परत जावे लागते. ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना उपक्रम आणि उपसंहार पाहावा, पुनःपुन्हा काय सांगितले आहे ते पाहावे, ही मीमांसकांची कसोटी लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या आरंभी गीतेला लावली. तीच येथे लावून पाहू.

विजयकथेचा उपक्रम कत्तलीने होत नाही. दुसऱ्याच अध्यायात राहाब भेटते. ती कनानी, स्त्री आणि वेश्या. म्हणजे अनुवादाच्या आज्ञेप्रमाणे तिहेरी त्याज्य. इस्राएलाच्या देवाची ग्रंथातील एक अत्यंत स्पष्ट स्तुती तिच्या मुखी आहे आणि हेर तिला शपथ देतात. आज्ञेचा पहिला भंग असा लढाईपूर्वीच होतो आणि ग्रंथकार त्याला दोष देत नाही. सातव्या अध्यायात याच्या उलट चित्र आहे. यहूदा वंशातील, पूर्ण कुळी सांगितलेला आखान लुटीतील वस्तू लपवतो आणि मुलाबाळांसह हेरेमच्या न्यायाने मारला जातो. नवव्या अध्यायात गिबोनकर फाटके जोडे आणि बुरसटलेल्या भाकरी घेऊन दूरदेशीचे असल्याचे सोंग करतात, तह पदरात पाडून घेतात, लाकूडतोडे व पाणक्ये म्हणून का होईना जगतात. आणि दहाव्या अध्यायात त्यांच्याच रक्षणासाठी इस्राएलाला लढावे लागते. आत कोण आणि बाहेर कोण ही रेषा रक्ताने ठरत नाही, हे ग्रंथ तीनदा सांगतो. मीमांसक यास अभ्यास म्हणतील.

दोन लहान स्थळे याहून अर्थपूर्ण आहेत. यरीहोपाशी यहोशवाला उपसलेली तलवार घेतलेला एक पुरुष दिसतो. तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या, असे यहोशवा विचारतो. तो परमेश्वराच्या सैन्याचा सेनापती असतो आणि त्याचे उत्तर हिब्रू संहितेत केवळ नकाराचे आहे. प्रश्न दोन पर्यायांचा होता. उत्तर दोन्ही पर्याय नाकारते. देव आपल्या बाजूचा आहे हे गृहीत धरण्यावर उभारलेल्या ग्रंथात, युद्धाच्या उंबरठ्यावर, हा नकार कोणी तरी जपून ठेवला आहे. दुसरे स्थळ वाटणीचे. ११ व्या अध्यायाच्या अखेरीस सर्व देश घेतल्याचे सांगितले आहे. १३ व्याच्या आरंभी पुष्कळ भूमी अजून घ्यावयाची राहिली असल्याचे देव सांगतो. यबूसी लोक यरुशलेमात आजवर राहत आहेत, असे १५ वा अध्याय नमूद करतो, आणि शास्ते या पुढच्या ग्रंथाचा पहिला अध्याय तर न घालवलेल्या लोकांची लांबलचक यादीच देतो. अनुवादाच्या सातव्या अध्यायातही समूळ नाशाच्या पाठोपाठ, त्यांच्याशी सोयरीक करू नका अशी आज्ञा आहे. कोणी उरणारच नसेल, तर सोयरीक कोणाशी होणार?

उपसंहार तर अधिकच अनपेक्षित आहे. शखेम येथे लोक परमेश्वराची सेवा करू असे म्हणतात आणि विजयी यहोशवा त्यांना सांगतो, की तुमच्याने ते व्हावयाचे नाही. त्याआधीच्या अध्यायात, करार मोडलात तर या चांगल्या भूमीवरून तुमचाही नाश होईल, असा इशारा आहे. हे शब्द अंतिम रूपात ज्यांनी वाचले, ते इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये यरुशलेम गमावून बाबेलात बसलेले होते. त्यांच्यासाठी ही विजयकथा नव्हती. गेलेल्या भूमीची कैफियत होती. यरीहोचा तट पडल्याची कथा ते ऐकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्याच नगराचा तट पडला होता.

असे असले तरी या वाचनाची मर्यादा झाकणे अप्रामाणिक होईल. राहाब वाचते ती इस्राएलाचा देव मान्य करून. तिची शेजारीण, जिला हेर भेटले नाहीत आणि जिला काही मान्य करण्याची संधीच मिळाली नाही, ती वाचत नाही. यबूसी राहिले याची नोंद ग्रंथ उणीव म्हणून करतो, दया म्हणून नव्हे. संहिता स्वतःशी वाद घालते हे खरे. पण त्या वादात कनानी पक्षकार नाही. मत्तयाच्या वंशावळीत येशूच्या पूर्वजांत राहाबचे नाव येते, तल्मुदात यहोशवाने तिच्याशी विवाह केला आणि तिच्या कुळात संदेष्टे जन्मले असे सांगितले आहे. दोन्ही परंपरांना तिला घरात घ्यावेसे वाटले, हे त्यांच्या सद्सद्विवेकाचे लक्षण आहे. परंतु राहाबला घरात घेतल्याने यरीहोचा हिशेब पुरा होत नाही.

६

हा हिशेब केवळ पुस्तकी नाही, हे पुढील इतिहासाने दाखवून दिले. सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमधील प्युरिटन धर्मोपदेशकांनी स्वतःला नवे इस्राएल आणि तेथील मूळ रहिवाशांना कनानी व अमालेकी मानले. १९५८ मध्ये इस्राएलचे पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांनी आपल्या घरी यहोशवाच्या ग्रंथावर अभ्यासमंडळ भरवले, त्यात विद्वानांबरोबर राज्यकर्ते व सेनानीही बसत. १९८५ मध्ये मायकेल वॉल्झर यांनी निर्गमाची कथा ही पाश्चात्त्य मुक्तिविचाराची जननी म्हणून मांडली. पुढच्याच वर्षी एडवर्ड सईद यांनी तिचे ‘कनानी वाचन’ लिहून विचारले, की त्या मुक्तीत कनानी कोठे आहेत. १९८९ मध्ये ओसेज वंशाचे रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी तोच प्रश्न मुक्तिवादी ईश्वरशास्त्राला विचारला: निर्गमातील देव मुक्ती देतो, पण कथा पुढे वाचली तर तोच देव जिंकणारा होतो, अमेरिकेच्या मूळ रहिवाशाने स्वतःला कोणत्या पात्रात पाहावे? ते उत्तर देतात, कनान्यांत. मला ही घटना या सबंध अर्थनिर्णयाच्या इतिहासातील निर्णायक वाटते. इतकी शतके ग्रंथ यार्देनच्या पूर्व तीरावरून वाचला जात होता. येथे प्रथमच कोणी तरी तो यरीहोच्या तटावरून वाचला.

मराठी वाचकाला या वाचनाचे एक जवळचे उदाहरण ठाऊक आहे. इरावती कर्वे यांनी १९६७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘युगान्त’ात खांडववनाच्या दहनाकडे भूमीसाठी केलेला संहार म्हणून पाहिले. त्या आगीतून मय, अश्वसेन आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिले असे सहाच जीव सुटले, असे महाभारत मोजून सांगते. वाचलेल्यांची गणना करणारा कवी मेलेल्यांना विसरलेला नसतो. फक्त त्यांची नावे त्याच्यापाशी नसतात. कर्वे यांनी महाभारत टाकून दिले नाही, त्याला रूपकही केले नाही. त्यांनी ते त्याच्या सर्व थोरवीसह वाचले आणि ज्वालांच्या आतून प्रश्न विचारला. धर्मग्रंथावरील श्रद्धा अशा प्रश्नाने मोडते, असे मानण्याचे कारण नाही. अखोरच्या खोऱ्यात आखानाला दगडमार झाला. पुढे होशेय या संदेष्ट्याने त्याच खोऱ्याला आशेचे द्वार केले. एका संदेष्ट्याला शास्त्रातील सर्वांत काळ्या जागेचा अर्थ बदलण्याचा अधिकार वाटला आणि शास्त्राने त्याचा तो अधिकार आपल्यातच सामावून घेतला. ग्रंथाच्या आत चाललेले हे पुनर्वाचन हाच पुढील वाचकांना मिळालेला परवाना होय.

म्हणून भाषांतरकाराने आणि टीकाकाराने काय करावे, याचे उत्तर मला पुढीलप्रमाणे दिसते. हेरेमला ‘शाप’ म्हणू नये, कारण तो मरणाराच्या माथी मारलेला आरोप आहे. त्याला सौम्य करून ‘विजय’ म्हणू नये, कारण ती चोरी आहे. ‘समर्पण’ म्हणावे आणि त्या शब्दाचा चटका वाचकाला बसू द्यावा. कत्तल घडली नाही हे पुराव्यानिशी सांगावे. पण त्या सांगण्याने सुटका झाली असे भासवू नये. संहिता स्वतःशी भांडते ती स्थळे दाखवावीत. पण ते भांडण संपले असे म्हणू नये. धर्मशास्त्रज्ञाला देवाचे समर्थन करावयाचे असते, इतिहासकाराला घटनेचा निर्णय. साहित्याच्या अभ्यासकाचे काम त्याहून साधे आणि अधिक कठीण आहे. ग्रंथात ज्यांना बोलू दिलेले नाही, त्यांची जागा रिकामी आहे एवढे दाखवणे आणि ती जागा आपल्या सोयीच्या अर्थाने भरू न देणे, हे ते काम होय.